मर्यादा राखायची, पण दुखणे कुणाला सांगायचे?

प्रश्न: मांजराकाठची (औसा तालुका, जि. लातूर)

नमस्कार. माझे सासर औसा तालुक्यातल्या एका गावात आहे. घर मोठे, शेतीचे आणि गावात मान असलेले आहे. सासूबाई साठीच्या आसपास आहेत. गेल्या दिवाळीपासून त्यांनी कीर्तनाला जाणे सोडले, उकिडवे बसायचे टाळू लागल्या आणि लांबच्या लग्नाचे नाव निघाले की काही ना काही कारण पुढे करू लागल्या. कंबर दुखते, एवढेच त्या सांगत, आणि सासरे बिचारे लातूरहून कधी पट्टा, कधी मलम आणून देत. शेवटी जाऊबाईंनी एके दिवशी न्हाणीत त्यांना एकटे गाठून खोदून विचारले, तेव्हा कळले की त्यांचे अंग, म्हणजे गर्भपिशवी, बाहेर येते. धाकट्या नणंदेच्या बाळंतपणापासून हा त्रास थोडाथोडा होताच. आता मात्र चालताना घासते, जखम होते आणि खोकला आला की लघवी सुटते. इतकी वर्षे त्यांनी हे सासऱ्यांना सांगितले नाही, पोटच्या लेकीलाही सांगितले नाही. दवाखान्यात चला म्हटले की त्यांचे दोनच प्रश्न असतात: तपासायला पुरुष डॉक्टर असला तर काय करायचे, आणि घरातल्या पुरुषांना काय म्हणून सांगायचे.

याला जोडूनच दुसरी गोष्ट आहे. माझी मुलगी दहावीत आहे. विज्ञानाच्या पुस्तकात मानवी प्रजननाचा जो भाग आहे, तो वर्गात शिकवलाच गेला नाही आणि मुलामुलींना ‘घरी वाचून घ्या’ असे सांगण्यात आले, वास्तविक बोर्डाच्या परीक्षेत त्यावर प्रश्न येतात. तिने तो भाग ओसरीवर बसून मोठ्याने वाचायला घेतला, तेव्हा सासऱ्यांनी काही न बोलता उठून जाणे पसंत केले आणि भायांनी, म्हणजे थोरल्या दिरांनी, ‘पोरीला आवरा’ असा निरोप आत पाठवला.

भायांसमोर मी आजही डोक्यावर पदर घेते आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. घराची रीत मोडून मला कुणाला काही सिद्ध करून दाखवायचे नाही. परंतु मर्यादा कुठे संपते आणि जिवावर बेतणारा संकोच कुठे सुरू होतो, हे घरातल्या वडीलधाऱ्यांचा अवमान न करता कसे ठरवावे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तर: गोदातीर (नांदेड)

ताई, मी निवृत्त शिक्षक असून जुन्या वळणाचा माणूस आहे, त्यामुळे ‘लाजबिज सगळी सोडून द्या’ असा सल्ला माझ्याकडून मिळणार नाही. आमच्या लहानपणी माळवदाच्या एका घरात तीन भावांचे संसार चालत आणि भिंतीपलीकडचा सुस्काराही ऐकू येई. अशा घरात सुनेने भायासमोर न येणे, सासऱ्याने उंबऱ्याबाहेर थांबून खाकरून मगच आत पाऊल टाकणे, नवरा-बायकोने चारचौघांत एकमेकांशी फारसे न बोलणे, यांत दडपण होते हे मी नाकारत नाही, पण जागेची अडचण असताना एकमेकांना थोडा आडोसा देण्याची ती एक सोयही होती. खाकरणारा सासरा सुनेला सावरून बसायला वेळ देत असे, हे आज कुणाच्या लक्षात येत नाही.

मात्र त्या घरात बायकांची म्हणून एक निराळी दुनियाही होती. पहाटेचे जाते होते, आडावरची गर्दी होती, पंचमीचा फेर होता, बाळंतिणीची खोली होती आणि गावात सुईण होती. मुलीला पहिल्यांदा न्हाण आले की मामी किंवा आजी तिला बाजूला घेऊन चार गोष्टी सांगत असे. विहिणीविहिणींच्या गाण्यांत तर इतके उघडे बोलले जाई की आम्हा पोरांना तिथून हाकलून दिले जाई. पुरुषांसमोर बोलायचे नाही याचा अर्थ कुणासमोरच बोलायचे नाही असा नव्हता. पुढे जाते गेले, दारात नळ आला, सुईण गेली, वाटण्या झाल्या आणि माहेरी फोन लावला तरी शेजारी कुणीतरी कान देऊन बसलेले असते. बोलण्याच्या जागा एकेक करून बुजल्या आणि बंधने मात्र जशीच्या तशी शिल्लक राहिली. तुमच्या सासूबाई ज्या चालीरीतींत वाढल्या, त्यांतली अर्धीच आता त्यांच्या वाट्याला आलेली आहे.

म्हणून माझी सूचना अशी की सासऱ्यांशी किंवा भायांशी वाद घालण्यात वेळ दवडू नका. सासूबाईंची सख्खी बहीण किंवा माहेरची कुणी भावजय असेल तर तिला चार दिवस राहायला बोलवा. ज्या माणसापुढे त्या लहानपणी फ्रॉकवर वावरल्या, त्या माणसाचे त्या ऐकतील. मुलीच्या पुस्तकाबद्दल म्हणाल, तर शिक्षकाने तो भाग शिकवायलाच हवा होता, यात दुमत नाही. परंतु ओसरीवर आजोबांसमोर तो मोठ्याने वाचण्याचा आग्रह मी असतो तर धरला नसता, आणि आजोबा उठून गेले यात त्यांचा रागच होता असेही मी गृहीत धरणार नाही. कदाचित नातीला संकोच वाटू नये म्हणूनही ते उठले असतील.

उत्तर: स्त्रीरोगतज्ज्ञ (बीड जिल्हा)

सरांचे निरीक्षण मला बरेचसे पटते, पण त्या जुन्या दुनियेचे फार गोडवे गाण्याआधी एक गोष्ट लक्षात घ्यावी. बायकांच्या त्या बैठकीत दुखणे बोलले जात असे, बरे मात्र होत नसे. अंग बाहेर येण्याच्या तक्रारीमागे पुष्कळदा त्याच बाळंतिणीच्या खोलीतला इतिहास असतो: एकापाठोपाठ एक बाळंतपणे, वेळेआधी जोर करायला लावणे, फाटलेल्या जागी टाके न पडणे आणि सव्वा महिना पुरता व्हायच्या आत डोक्यावर पाण्याचा हंडा. ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ ही समजूतसुद्धा त्याच खोलीत एका पिढीकडून दुसरीकडे गेलेली आहे.

माझ्याकडे येणारी बाई पहिल्यांदा कंबर सांगते. सोबत नवरा किंवा सासू असली की कंबरेच्या पलीकडे ती जातच नाही. नवरा केसपेपर आणायला बाहेर गेला की मग खरे दुखणे बाहेर येते, तेही दाराकडे पाहत. यासाठी सोबतच्या नातेवाइकांना थोडा वेळ बाहेर बसवणे मी नियमच करून टाकला आहे आणि त्यावर रुसणारे नातेवाईक काही कमी नाहीत.

हा संकोच केवळ दुखणे लपवून थांबत नाही, तो बाईला फसवणे सोपे करतो, आणि हे आमच्या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन पाहिले आहे. ऊसतोड कामगार महिलांच्या पिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय २०१९ मध्ये राज्यभर गाजला. त्या वेळी शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यात झालेल्या पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली असल्याचे आढळले. यामागे मुकादमाकडून घेतलेली उचल, एक खाडा पडला तरी कापला जाणारा पैसा आणि फडावर ना न्हाणी ना संडास अशी परिस्थिती होती, ही कारणे मोठी आहेत आणि त्यांना लाजेच्या नावाखाली झाकणे अन्यायाचे होईल. तरीही एक धागा लाजेचा होताच. अंगावरून पांढरे जाते, ओटीपोट दुखते, हे जिने आयुष्यात कुणापाशी उच्चारलेले नाही, तिला कुणी ‘पिशवी सडली आहे, कॅन्सर होईल’ असे सांगितले तर ते खरे की खोटे हे ती कुणाला विचारणार? अनेकदा जे दुखणे गोळ्यांच्या एका कोर्सने आटोक्यात आले असते, त्यासाठी तिशीतल्या बायकांची पिशवी गेली, काहींचे बीजकोशही गेले आणि हाडे वयाआधी ठिसूळ झाली. त्यानंतर जिल्ह्यातल्या खासगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणे आवश्यक करण्यात आले.

आता उलट बाजूचे उदाहरण देते, कारण ‘आमच्या बायका लाजाळू आहेत, त्या तपासणीला येत नाहीत’ हे वाक्य मी अधिकाऱ्यांच्या तोंडूनही ऐकलेले आहे. तुमच्या शेजारच्या धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, मुंबईचे टाटा रुग्णालय, बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून १९९९ पासून गर्भाशयमुखाच्या कर्करोगावर एक मोठा अभ्यास केला. खेड्यांचे ५२ गट आणि ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया त्यात होत्या. २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ज्या गटात हा कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूची तपासणी आयुष्यात एकदाच करण्यात आली, त्या गटात या कर्करोगाने होणारे मृत्यू तपासणी न झालेल्या गटाच्या तुलनेत जवळपास निम्म्यावर आले. जगभरच्या तपासणी कार्यक्रमांना आधार ठरलेला हा पुरावा आपल्या भागातल्या, लुगडे नेसणाऱ्या, डोक्यावर पदर घेणाऱ्या बायकांनी दिलेला आहे. ज्यांना तपासणीसाठी बोलावले, त्यांतल्या बहुसंख्य आल्या. ही तपासणी आतून करावी लागते, हे वेगळे सांगायला नको. घरापर्यंत जाऊन बाईने बाईला नीट समजावून सांगितले, तपासणी गावाजवळ ठेवली आणि आडोसा राखला, तर लाज आडवी येत नाही. लाजेचे कारण देऊन आपण आपली गैरसोय टाळत असतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

ताई, सासूबाईंच्या दुखण्याविषयी एवढे नक्की सांगते की याला उपाय आहेत. सुरुवातीच्या अवस्थेत ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचे व्यायाम उपयोगी पडतात. शस्त्रक्रिया नको असेल किंवा झेपणार नसेल, तर आतून बसवायची सिलिकॉनची कडी मिळते. ती अधूनमधून काढून स्वच्छ करावी लागते. त्यांना जखम होते आहे, त्याअर्थी आता डॉक्टरांना दाखवण्यात उशीर करू नये. शस्त्रक्रिया बहुतेक वेळा खालूनच करता येते, पोट कापावे लागत नाही. लातूर किंवा अंबाजोगाईच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात स्त्रीरोग विभाग आहे, तिथे स्त्री डॉक्टरांकडून तपासून घ्यायचे आहे असे आधीच सांगा. त्यात मागणाऱ्याने ओशाळावे असे काही नाही.

उत्तर: प्रतिष्ठानचा वाचक (पैठण)

या चर्चेत ‘आपले संस्कार’ असे कुणी अजून म्हटलेले नाही, पण ते आता येईलच असे गृहीत धरून आधीच लिहितो. मराठवाड्याच्या मातीत जे सर्वात जुने आहे ते इतके सोवळे मुळीच नाही. सातवाहनांच्या काळातल्या आमच्या या नगरीशी ज्या प्राकृत गाथांचे नाते सांगितले जाते, त्यांत खेड्यातल्या बायकांच्या ओढीविषयी आणि चोरट्या भेटींविषयी ज्या मोकळेपणाने बोलले आहे, तो आज एखाद्या शाळेच्या स्नेहसंमेलनात चालणार नाही. निलंग्याच्या नीलकंठेश्वर मंदिराच्या आणि देगलूरजवळच्या होट्टलच्या भिंतींवरच्या सुरसुंदरी आपण सहकुटुंब पाहतो आणि नमस्कार करून परत येतो. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींनी बाईच्या विटाळाविषयी विचारले असता, शरीराच्या इतर द्वारांतून मळ येतो तसेच हेही आहे, असे सांगून तो विषय संपवला. गंगाखेडच्या जनाबाईने डोईचा पदर खांद्यावर येऊ देत भरल्या बाजारात जाण्याची भाषा केली आणि आपण ती टाळ वाजवत गातो.

अर्थात दगडातल्या सुरसुंदरीमुळे त्या काळच्या हाडामासाच्या बाईला बोलायची मुभा होती, असे सिद्ध होत नाही. ती घडवणारा पुरुष, घडवून घेणाराही पुरुषच. तेव्हा पूर्वी सगळे मोकळे होते आणि मध्येच कुणी परक्याने येऊन आपल्याला लाजायला शिकवले, ही आजकाल लोकप्रिय असलेली गोष्टही मला फार सोयीची वाटते.

माझे म्हणणे वेगळे आहे. हे अतिरेकी सोवळेपण संस्कारांपेक्षा प्रतिष्ठेशी जास्त बांधलेले आहे. शेतात कासोटा घालून खुरपणाऱ्या बाया आपापसांत काय बोलतात ते ज्यांनी ऐकले आहे, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. त्याच घरातला मुलगा नोकरीला लागला, घर छत्रपती संभाजीनगरला आले, की खुरपे सुटते आणि बोलणेही सुटते, कारण ‘चांगल्या घरच्या’ बायका असे बोलत नाहीत. पुरुषांना मात्र ही प्रतिष्ठा फारशी आड येत नाही. पारावर बसून आई-बहिणीवरून शिव्या देणारे जे तोंड आहे, तेच पोरीच्या विज्ञानाच्या पुस्तकाला आवरायला सांगते. भायांच्या निरोपाबद्दल वाचले तेव्हा मला हेच आठवले. ते स्वतः तसे बोलत नसतील तर त्यांची क्षमा मागतो.

आणखी एक संदर्भ. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर अश्लीलतेचा जो खटला १९३४ मध्ये उच्च न्यायालयात गेला, तो वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून झाला होता, आणि कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली होती. ते खटला हरले. त्याच बाबासाहेबांनी पुढे १९५० मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय उभे केले आणि या भागातल्या कितीतरी पिढ्या तिथे शिकल्या. नव्वद वर्षांनंतर दहावीचा धडा ‘घरी वाचून घ्या’ असे सांगणाऱ्या शिक्षकांतही तिथले विद्यार्थी असू शकतात, हे लिहिताना बरे वाटत नाही.

उत्तर: औषधवाला (हिंगोली)

मोठमोठ्या मंडळींत माझे थोडेसे. माझे मेडिकल बसस्टँडजवळ आहे. पॅड मागणारी मुलगी दुकानात दुसरे गिऱ्हाईक असेपर्यंत क्रोसिन मागते आणि गिऱ्हाईक गेले की खरे बोलते. मी कागदात गुंडाळणे बंद करून पाहिले, तेव्हा चार बायकांनी दुकानच बदलले, म्हणून पुन्हा सुरू केले. धंदा आहे. शासनाने २०१८ मध्ये अस्मिता योजना आणली आणि जिल्हा परिषद शाळेतल्या मुलींना आठ पॅडचे पाकीट पाच रुपयांत, तेही बचत गटाच्या बायकांमार्फत देण्याचे ठरवले. त्यातला बचत गटाचा भाग मला शहाणपणाचा वाटला होता, कारण मुलींना माझ्यासारख्या मिशीवाल्यापुढे उभे राहावे लागणार नव्हते. गोदातीर सर ज्या बुजलेल्या जागांविषयी बोलतात, तशी जागा आता कुठे उरली असेल तर ती आशाताईंकडे आहे, एवढेच सुचवतो. माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या बायकांना अंगावरून जाण्याचे औषध डॉक्टरांनी दिलेले नसते, आशाताईंनी आधी दवाखान्यात जा म्हटल्यावरच त्या जातात.

प्रश्नकर्तीचे उत्तर: मांजराकाठची

सर्वांचे मनापासून आभार. गोदातीर सरांच्या सांगण्याप्रमाणे निलंग्याहून मावशींना बोलावून घेतले. दोघी बहिणी दोन रात्री माडीवर झोपल्या आणि तिसऱ्या दिवशी सकाळी सासूबाईंनी स्वतःच ‘कधी जायचं’ असे विचारले. आम्ही तिघी जाऊन दाखवून आलो. स्त्री डॉक्टर होत्या. शस्त्रक्रिया सुचवली आहे. सासऱ्यांना एवढेच सांगितले की बायकांचे दुखणे आहे आणि ऑपरेशन लागेल. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही, फक्त पैसे काढून जाऊबाईंच्या हाती दिले. पैठणच्या वाचकांना सांगते की आमचे भाया शिव्या देत नाहीत, परंतु तुमचा बाकीचा मुद्दा मान्य आहे. मुलीचा धडा आता मी आणि ती माडीवर बसून वाचतो. यात मी सरांचे ऐकले, पण हा धडा शाळेने शिकवावा असे मुख्याध्यापकांना लेखी कळवले आहे आणि त्या पत्रावर गावातल्या आणखी काही आयांच्या सह्या घेते आहे.

एक शंका राहिली आहे. सासूबाईंची इच्छा अशी आहे की शस्त्रक्रियेच्या कागदावर काय लिहिले आहे ते सासऱ्यांनी वाचू नये. दवाखान्यातल्या एका कर्मचाऱ्याने मात्र ‘मालकांची सही लागेल’ असे सांगितले. ते खरे आहे का?

उत्तर: स्त्रीरोगतज्ज्ञ

सज्ञान आणि शुद्धीवर असलेल्या बाईच्या शस्त्रक्रियेसाठी संमती तिची स्वतःची लागते. पतीची सही कायद्याने बंधनकारक नाही. रुग्णालये एका नातेवाइकाची सही साक्षीदार म्हणून मागतात, ती तुम्ही किंवा मावशी करू शकता. सासूबाईंना वाचता येत नसेल तर अंगठा चालतो, परंतु त्याआधी कागदावरचा सगळा मजकूर त्यांना मराठीत वाचून दाखवायला लावा आणि पिशवी काढणार आहेत की फक्त वर बांधणार आहेत, बीजकोश ठेवणार की नाही, हे त्यांना स्वतःच्या तोंडाने डॉक्टरांना विचारू द्या. कर्मचाऱ्याने पुन्हा अडवले तर त्याच्याशी हुज्जत न घालता विभागप्रमुखांना भेटा.